मॅक्रोने फाइली आणि फोल्डर हटवणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोर्ट, बॅलार्ड इस्टेट, मस्जिद बंदर आणि अंधेरीच्या एमआयडीसीतील कार्यालयांत एक्सेलचे मॅक्रो (ठरावीक काम आपोआप करणारे आज्ञांचे संच) लिहिणारे बहुतेक जण मूळचे हिशेबनीस, डिस्पॅच क्लार्क किंवा कस्टम क्लिअरिंगची कागदपत्रे तयार करणारे असतात. सर्व्हरवर रोज साचणारे रिपोर्ट, स्कॅन आणि तात्पुरत्या फाइली एकेक निवडून हटवण्याचा कंटाळा आला की हे काम मॅक्रोवर सोपवावे असे त्यांना वाटते, आणि ते योग्यही आहे. फक्त इतर मॅक्रो चुकला तर आकडा चुकतो, हा चुकला तर फाइलच जाते. पुढील उत्तरे विंडोजवरील एक्सेल आणि त्यातील व्हीबीए ही मॅक्रोची भाषा गृहीत धरून दिली आहेत. आज्ञांची नावे येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली असली तरी एडिटरमध्ये ती रोमन लिपीतच टाइप करावी लागतात.

फाइल हटवण्याची सर्वांत साधी आज्ञा कोणती?

'किल'. तिच्यापुढे अवतरणचिन्हांत फाइलचा पूर्ण पाथ, म्हणजे ड्राइव्ह आणि फोल्डरांसह तिचा पत्ता, दिला की फाइल त्याच क्षणी हटते. बेसिक भाषेच्या जुन्या काळापासून चालत आलेली ही आज्ञा असून ती वापरणाऱ्याला काहीही विचारत नाही. एक्सेलच्या सूचना दाखवणारी 'डिस्प्लेअलर्ट्स' ही सोय चालू ठेवली, तरी 'खरोखर हटवायचे का' असा खुलासा ती मागणार नाही, कारण त्या सोयीचा आणि किलचा काही संबंध नाही. खुलासा हवा असेल तर 'एमएसजीबॉक्स' आपणच लिहावा लागतो.

पाथ नेहमी ड्राइव्हच्या अक्षरापासून पूर्ण द्यावा. नुसते फाइलचे नाव दिले तर व्हीबीए त्या वेळी चालू असलेल्या फोल्डरमध्ये शोध घेतो, आणि हा चालू फोल्डर म्हणजे आपली वर्कबुक ज्यात आहे तो फोल्डर, असे समजणे चूक आहे. कोणी 'फाइल ओपन'च्या चौकटीतून दुसऱ्या फोल्डरात डोकावून आले, एवढ्यानेही चालू फोल्डर बदलू शकतो. सकाळी बरोबर चाललेला मॅक्रो दुपारी भलत्याच ठिकाणच्या फाइली हटवतो, त्याचे कारण पुष्कळदा एवढेच असते.

एका वेळी अनेक फाइली हटवता येतात का?

होय. किलला * आणि ? ही दोन्ही वाइल्डकार्ड चालतात. * म्हणजे कितीही अक्षरे आणि ? म्हणजे एक अक्षर. मात्र किल उपफोल्डरांत उतरत नाही. दिलेल्या फोल्डरमधील जुळणाऱ्या फाइलींपुरतेच तिचे काम मर्यादित असते. जुळणारी एकही फाइल नसेल तर ५३ क्रमांकाची एरर येते.

मी '*.एक्सएलएस' दिले होते. मग एक्सएलएसएक्स फाइली कशा गेल्या?

विंडोज जुन्या पद्धतीची लहान नावेही सांभाळते, ज्यात मूळ नावाला आठ आणि एक्स्टेन्शनला तीन अक्षरांची मर्यादा असते. ज्या ड्राइव्हवर अशी नावे तयार होतात, तेथे '*.एक्सएलएस' ही ठेवण लांब नावाशी जुळवली जाते तशी लहान नावाशीही जुळवली जाते, आणि एक्सएलएसएक्स फाइलचे लहान नाव तीन अक्षरांवर कापलेले असल्याने तीही जाळ्यात सापडते. 'एचटीएम' आणि 'एचटीएमएल' या जोडीचेही तेच होते. म्हणून एक्स्टेन्शनवरून हटवायचे असेल तेव्हा वाइल्डकार्डवर विसंबू नये. फाइलींची नावे एकेक करून घ्यावीत, नावातील शेवटच्या बिंदूनंतरचा भाग वेगळा काढावा आणि तो हवा तेवढाच व तसाच आहे का, हे 'इफ'ने तपासून मगच हटवावे.

फोल्डर हटवण्यासाठी कोणती आज्ञा आहे?

'आरएमडीर'. ती फक्त रिकामा फोल्डर हटवते. आत एखादी फाइल किंवा उपफोल्डर असेल तर ७५ क्रमांकाची एरर येते, आणि दिलेल्या पाथवर फोल्डरच नसेल तर ७६ क्रमांकाची. अनेकांना हा आज्ञेचा कमकुवतपणा वाटतो. मला तो तिचा सर्वांत मोठा गुण वाटतो, कारण भरलेला फोल्डर चुकून हटवणे या आज्ञेने शक्यच होत नाही.

फोल्डर रिकामा दिसतो, तरी आरएमडीर ७५ एरर देते. का?

याची तीन कारणे वारंवार आढळतात.

पहिले, फोल्डर रिकामा दिसतो पण नसतो. चित्रांच्या लघुप्रतिमांची 'थम्ब्स डॉट डीबी', फोल्डरच्या मांडणीची 'डेस्कटॉप डॉट आयएनआय' किंवा कोणीतरी उघडून ठेवलेल्या वर्कबुकची '~$' ने सुरू होणारी तात्पुरती फाइल, या लपलेल्या फाइली एक्सप्लोररच्या नेहमीच्या मांडणीत दिसत नाहीत. '*.*' देऊन किल चालवल्यानंतरही त्या मागे राहू शकतात. एक्सप्लोररमध्ये लपलेल्या वस्तू दाखवण्याची खूण करून एकदा खात्री करावी.

दुसरे, आपल्याच मॅक्रोने तो फोल्डर धरून ठेवलेला असतो. 'डीर' हे फंक्शन फोल्डरमधील पहिली फाइल देते आणि पुढच्या प्रत्येक हाकेला पुढची. ही यादी संपेपर्यंत विंडोजच्या दृष्टीने तो फोल्डर वापरात राहतो. यादी अर्धवट सोडून त्याच फोल्डरवर आरएमडीर चालवले की नकार मिळतो. उपाय सोपा आहे: आरएमडीरच्या आधी डीरला दुसऱ्याच एखाद्या फोल्डरचा पाथ देऊन एक हाक मारावी, म्हणजे पहिला फोल्डर मोकळा होतो.

तिसरे, तो फोल्डरच चालू फोल्डर असतो. 'सीएचडीर'ने दुसरीकडे सरकावे आणि मग हटवावे.

भरलेला फोल्डर एका आज्ञेत हटवता येतो का?

येतो, पण त्यासाठी फाइली व फोल्डर हाताळणारा 'फाइलसिस्टिमऑब्जेक्ट' लागतो. एडिटरच्या 'टूल्स'मधील 'रेफरन्सेस'मध्ये 'मायक्रोसॉफ्ट स्क्रिप्टिंग रनटाइम'वर खूण करून किंवा 'क्रिएटऑब्जेक्ट' वापरून तो मिळवता येतो. मॅक्रो वेगवेगळ्या संगणकांवर फिरणार असेल तर दुसरी रीत सोयीची पडते, कारण प्रत्येक ठिकाणी रेफरन्स जोडावा लागत नाही.

या ऑब्जेक्टच्या 'डिलीटफाइल' आणि 'डिलीटफोल्डर' या दोन पद्धती आपल्या कामाच्या आहेत. डिलीटफोल्डर फोल्डर रिकामा आहे की भरलेला, यात भेद करत नाही. आतील सर्व उपफोल्डरांसह तो जातो. दोन्हींना 'फोर्स' नावाचा दुसरा पर्याय देता येतो आणि तो 'ट्रू' ठेवला तर रीड-ओन्ली, म्हणजे फक्त वाचण्यासाठी राखलेल्या, फाइलीही हटतात. वाइल्डकार्ड पाथच्या फक्त शेवटच्या भागात चालते. पाथच्या शेवटी बॅकस्लॅश राहिला तर डिलीटफोल्डर '७६, पाथ सापडला नाही' असे सांगते, आणि समोर दिसत असलेला फोल्डर का सापडत नाही या विचारात माणूस बराच वेळ घालवतो.

एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. पहिली अडचण येताच ही पद्धत तिथेच थांबते, परंतु तोपर्यंत जे हटले ते परत येत नाही. चाळीस फाइलींपैकी सतरावी फाइल कोणीतरी उघडून बसले असेल, तर सोळा गेलेल्या असतात आणि बाकीच्या तशाच राहतात. मॅक्रो थांबला म्हणजे काहीच झाले नाही, असा अर्थ घेऊ नये.

पाथमध्ये एवढीशी चूक राहिली तर किती नुकसान होऊ शकते?

हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा असूनही बहुधा नुकसान झाल्यानंतर विचारला जातो, म्हणून तो सविस्तर पाहू.

समजा, फोल्डरचा पाथ एका व्हेरिएबलमध्ये (मूल्य साठवण्यासाठी कोडमध्ये नाव दिलेल्या जागेत) आहे आणि आपण त्याला '*.*' जोडून किलला देतो. व्हेरिएबलमध्ये 'डी:\न्हावाशेवा' एवढेच आहे आणि शेवटी बॅकस्लॅश नाही. जोडल्यावर पाथ होतो 'डी:\न्हावाशेवा*.*'. याचा अर्थ न्हावाशेवा फोल्डरमधील फाइली असा होत नाही. डी ड्राइव्हच्या मुळाशी असलेल्या, न्हावाशेवा या अक्षरांनी सुरू होणाऱ्या सर्व फाइली असा होतो. ज्या हटवायच्या त्या जागेवर राहतात आणि ज्यांचा संबंधच नव्हता त्या जातात.

आता दुसरी बाजू पाहा. बॅकस्लॅशची काळजी घेतली आहे, पण व्हेरिएबलच रिकामा आहे: ज्या सेलमधून पाथ वाचायचा तो कोणीतरी पुसला, वरती एक ओळ घातल्यामुळे तो खाली सरकला किंवा व्हेरिएबलच्या नावात एक अक्षर चुकले. तेव्हा उरतो तो '\*.*', म्हणजे चालू ड्राइव्हच्या मुळाशी असलेल्या सर्व फाइली. सी ड्राइव्हवर विंडोज स्वतःचे थोडेफार रक्षण करते. परंतु चालू ड्राइव्ह जर सर्व्हरशी जोडलेला झेड ड्राइव्ह असेल तर मुळाशी ठेवलेल्या सर्व सामायिक फाइली एका ओळीत संपतात. हाच रिकामा पाथ '\*' जोडून डिलीटफोल्डरला गेला तर मुळाशी असलेले सगळे फोल्डर, त्यांतील वर्षानुवर्षांच्या फाइलींसह, एकापाठोपाठ जाऊ लागतात. मधे कोणाची फाइल उघडी असली तर तिथे थांबतात, एवढेच.

यावर चार कुंपणे घालता येतात आणि चारही घालावीत असे माझे मत आहे. मोड्यूलच्या पहिल्या ओळीत 'ऑप्शन एक्स्प्लिसिट' असावे, म्हणजे व्हेरिएबलचे स्पेलिंग चुकले असेल तर मॅक्रो चालूच होत नाही. हटवण्याआधी पाथची लांबी तपासावी. ती तीन अक्षरांहून अधिक नसेल तर तो ड्राइव्हचे मूळ तरी आहे किंवा रिकामा तरी आहे, आणि दोन्ही वेळा मॅक्रोने बाहेर पडावे. पाथची सुरुवात ठरलेल्या मूळ फोल्डरने होते का, हे 'लेफ्ट' फंक्शनने पाहावे आणि तो मूळ फोल्डर कोडमध्येच 'कॉन्स्ट', म्हणजे न बदलणारे मूल्य, म्हणून लिहावा, सेलमध्ये ठेवू नये.

चौथे कुंपण थोडे कमी परिचयाचे आहे, पण मला तेच सर्वांत भरवशाचे वाटते. ज्या फोल्डरमधून हटवण्याची परवानगी आहे, त्यात ठरावीक नावाची एक छोटी मजकूर फाइल ठेवावी आणि 'फाइलएक्झिस्ट्स'ने ती सापडली तरच मॅक्रोने पुढे जावे. पाथ कितीही चुकला तरी खूण नसलेल्या फोल्डरला हात लागत नाही. हटवताना ती खुणेची फाइल मात्र वगळायला विसरू नये, नाहीतर दुसऱ्या वेळी मॅक्रो कामच करणार नाही.

फोल्डर निवडण्याची चौकट दाखवली तर धोका टळतो का?

कमी होतो, टळत नाही. वापरणाऱ्याने 'कॅन्सल' दाबले तर चौकट उघडणारी 'शो' ही पद्धत शून्य देते आणि निवड केली तर -१ देते. हे न तपासता पुढे गेलात तर पुन्हा रिकाम्या पाथची वेळ येते.

मराठी नावांच्या फाइली मॅक्रो का हटवत नाही?

डीर आणि किल या जुन्या आज्ञा युनिकोड, म्हणजे सर्व लिप्यांतील अक्षरांना क्रमांक देणारी पद्धत, जाणत नाहीत. त्या विंडोजच्या जुन्या कोड पेजमधून (मोजक्या अक्षरांच्या तक्त्यातून) नावे वाचतात, आणि देवनागरीला असे स्वतंत्र कोड पेज नाही. त्यामुळे 'बिल' या नावाची पीडीएफ फाइल डीरच्या उत्तरात '???' अशी येते: ब, वेलांटी आणि ल मिळून तीन चिन्हे, म्हणून तीन प्रश्नचिन्हे.

एवढ्यावर थांबले असते तर फक्त काम अडले असते. पण प्रश्नचिन्ह हे वाइल्डकार्ड आहे. डीरने दिलेले '???' हे नाव जसेच्या तसे किलला दिले की त्याचा अर्थ 'तीन अक्षरी नावाची कोणतीही पीडीएफ' असा होतो, आणि त्याच फोल्डरमध्ये इंग्रजी महिन्यांच्या तीन अक्षरी नावांनी ठेवलेल्या फाइली असतील, तर जानेवारीपासून डिसेंबरपर्यंत सगळ्या जातात. मराठी 'बिल' बहुधा शाबूतच राहते. मराठी आणि इंग्रजी नावे एकत्र नांदणाऱ्या आपल्याकडच्या कार्यालयांत हा धोका खरा आहे, आणि इंग्रजी पुस्तकांत तो सहसा सापडत नाही.

उपाय असा की जेथे एकही देवनागरी नाव असण्याची शक्यता आहे, तेथे डीर आणि किल वापरूच नयेत. फाइलसिस्टिमऑब्जेक्टला युनिकोड कळते. त्याच्या 'फाइल्स' या संग्रहातून फिरावे आणि त्याच्याच डिलीटफाइलने हटवावे. व्हीबीएच्या एडिटरमध्येही देवनागरी मजकूर टिकत नाही, तिथेही प्रश्नचिन्हेच उमटतात. म्हणून कॉन्स्टमधला मूळ फोल्डर रोमन नावाचा ठेवून त्याखालच्या मराठी फोल्डरचे नाव कोडमध्ये न लिहिता शीटवरच्या सेलमध्ये लिहून तिथून वाचावे. सेलला युनिकोडची काही अडचण नाही. कोडमध्येच हवे असेल तर 'सीएचआरडब्ल्यू' फंक्शनला प्रत्येक अक्षराचा क्रमांक द्यावा लागतो, जसे 'म'साठी २३५०. ते वाचायला फार किचकट होते आणि पुढे मॅक्रो सांभाळणाऱ्याला त्यातून काही उमजत नाही.

ठरावीक दिवसांपेक्षा जुन्या फाइलीच हटवायच्या आहेत. कोणती तारीख पाहावी?

बहुतेक वेळा 'डेटलास्टमॉडिफाइड', म्हणजे शेवटच्या बदलाची तारीख. 'डेटक्रिएटेड' फसवी असते, कारण फाइल दुसऱ्या फोल्डरमध्ये कॉपी केली की प्रतीला निर्मितीची तारीख आजची मिळते आणि बदलाची तारीख मात्र जुनीच राहते. सर्व्हर बदलला आणि सगळा डेटा नव्या डिस्कवर कॉपी झाला, तर निर्मितीच्या तारखेनुसार सगळेच कालपरवाचे ठरते. उलटही होते: आजच मेलवरून उतरवलेल्या झिपमधून काढलेल्या फाइलींवर बदलाची तारीख कित्येक महिन्यांपूर्वीची असू शकते, आणि मॅक्रो त्या आल्याआल्याच हटवतो. जिथे अशी आवक आहे, तिथे फाइलच्या नावातच तारीख घालण्याची शिस्त लावावी आणि मॅक्रोने ती वाचावी.

हटवण्याचा मॅक्रो लिहिण्याची सर्वांत सुरक्षित रीत कोणती?

निवड आणि हटवणे ही दोन कामे दोन वेगळ्या मॅक्रोंना द्यावीत. रद्दीवाल्याच्या हाती गठ्ठा देण्यापूर्वी आपण तो चाळतो, कारण वर्तमानपत्रांत कधी विजेचे बिल सापडते, कधी रेशन कार्डाची झेरॉक्स. ती चाळण्याची संधी येथेही हवी.

पहिला मॅक्रो काहीही हटवत नाही. तो फोल्डरमधून फिरतो आणि नियमात बसणाऱ्या प्रत्येक फाइलची एक ओळ शीटवर लिहितो: पूर्ण पाथ, आकार, बदलाची तारीख आणि शेवटी एक रिकामा स्तंभ. यादी पाहणारा माणूस त्या स्तंभात 'होय' लिहितो किंवा लिहीत नाही. यादी आकारानुसार लावली की एखादी अवाढव्य फाइल चटकन नजरेत भरते, आणि पाथनुसार लावली की भलताच फोल्डर यादीत शिरला असेल तर तोही दिसतो.

दुसरा मॅक्रो फक्त 'होय' लिहिलेल्या ओळींवर काम करतो, वाइल्डकार्ड अजिबात वापरत नाही, प्रत्येक फाइल अजून तिथेच आहे का आणि तिची तारीख यादीतल्यासारखीच आहे का ते पाहतो, आणि झालेला परिणाम त्याच ओळीत लिहितो: हटली, सापडली नाही, वापरात होती. ही शीट जपून ठेवली की पुढे कधी 'अमुक फाइल कुठे गेली' असे कोणी विचारले, तर उत्तर देता येते. लेखापरीक्षकाच्या समोर बसलेल्या माणसाला याची किंमत कळते.

याहून पुढे जायचे असेल तर दुसऱ्या मॅक्रोने हटवण्याऐवजी फाइली 'निकाली' अशा नावाच्या फोल्डरात हलवाव्यात आणि तो फोल्डर महिन्याने हाताने रिकामा करावा. त्यासाठी 'मूव्हफाइल' पुरते. जागा तेवढीच अडून राहते, हे खरे. पण डिस्क स्वस्त आहे.

यादी करतानाच हटवले तर काय बिघडते?

ज्या संग्रहातून आपण फिरत आहोत त्यातलेच घटक वाटेत कमी होऊ लागले, की पुढचा घटक कोणता याचा भरवसा राहत नाही. आधी नावे गोळा करावीत.

एररचे क्रमांक पाहून कारण कसे ओळखावे?

५३ म्हणजे फाइल सापडली नाही, ७६ म्हणजे पाथ सापडला नाही. ७० म्हणजे परवानगी नाकारली; किलच्या बाबतीत त्याचा अर्थ बहुधा फाइल कोणीतरी उघडून ठेवली आहे असा असतो, आणि सामायिक ड्राइव्हवर तो माणूस दुसऱ्या मजल्यावरही असू शकतो. ७५ किलकडून आली तर फाइल रीड-ओन्ली आहे का ते पाहावे. 'सेटॲट्र'ने ती साधी करून मग हटवता येते. मात्र फाइल रीड-ओन्ली का केली होती, हे विचारल्याशिवाय ती खूण काढू नये. ती कोणीतरी जाणूनबुजून केलेली असते.

'ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट' लिहिले की एरर थांबतात. ते लिहावे का?

एरर थांबत नाहीत, दिसायच्या थांबतात. विशेषतः पाथ ठरवणाऱ्या ओळीच्या आधी हे वाक्य असेल, तर पाथ चुकला तरी मॅक्रो पुढे जाऊन किलपर्यंत पोचतो. लिहायचेच असेल तर हटवण्याच्या एका ओळीपुरते लिहावे, लगेच 'ईआरआर डॉट नंबर' तपासून शीटवर नोंदवावे आणि पुढच्याच ओळीत 'ऑन एरर गोटू झिरो'ने ते बंद करावे.

मॅक्रोने हटवलेली फाइल रिसायकल बिनमध्ये जाते का?

नाही. किल असो की डिलीटफाइल, दोन्ही फाइल थेट हटवतात. कंट्रोल-झेडनेही ती परत येत नाही. उलट मॅक्रोने शीटवर काही लिहिले तर आधीच्या कामांचे 'अनडू'ही बहुधा पुसले जाते.

रिसायकल बिनच हवी असेल तर विंडोजचे 'एसएचफाइलऑपरेशन' हे फंक्शन 'डिक्लेअर' करून वापरता येते. त्यात हटवण्याच्या कामाचा क्रमांक ३ आहे आणि परत मिळवण्याची मुभा ठेवणारा ध्वज (पर्याय दर्शवणारा आकडा) ६४ आहे. फाइलच्या नावानंतर दोन रिक्त वर्ण (स्पेस नव्हे, शून्य क्रमांकाचे वर्ण) द्यावे लागतात, कारण ते फंक्शन नावांची यादी अपेक्षित धरते आणि यादीचा शेवट दुसऱ्या रिक्त वर्णाने ओळखते. पाथ पूर्ण दिला नाही तर तो ध्वज दुर्लक्षिला जातो आणि फाइल कायमची जाते. ऑफिस २०१० पासून ६४ बिटच्या आवृत्तीत डिक्लेअरच्या पुढे 'पीटीआरसेफ' लिहावे लागते. एवढे करूनही सर्व्हरवरच्या सामायिक ड्राइव्हवरील फाइल आपल्या संगणकाच्या रिसायकल बिनमध्ये येत नाही, आणि कार्यालयात बहुतेक फाइली तिथेच असतात. म्हणूनच मी 'निकाली' फोल्डरची रीत अधिक पसंत करतो.

वर्कबुक वनड्राइव्हवर आहे आणि मॅक्रोला फोल्डरच सापडत नाही. का?

वनड्राइव्हशी जुळवलेल्या फोल्डरमधून उघडलेल्या वर्कबुकचा 'धिसवर्कबुक डॉट पाथ' पुष्कळदा वेब पत्त्याच्या रूपात येतो. किल, डीर आणि फाइलसिस्टिमऑब्जेक्ट यांना वेब पत्ता चालत नाही. त्यांना संगणकावरचा पाथ द्यावा लागतो. याहून महत्त्वाचे असे की जुळवलेल्या फोल्डरमधून हटवलेली फाइल वनड्राइव्हवरूनही आणि तो फोल्डर जुळवलेल्या इतर सहकाऱ्यांच्या संगणकांवरूनही जाते. दिलासा एवढाच की ती वनड्राइव्हच्या स्वतःच्या रिसायकल बिनमध्ये राहते: वैयक्तिक खात्यात ३० दिवस आणि कार्यालयीन किंवा शालेय खात्यात सर्वसाधारणपणे ९३ दिवस.

मॅकवर हेच मॅक्रो चालतील का?

जसेच्या तसे नाही. मॅकवर फाइलसिस्टिमऑब्जेक्ट नाही, किलला वाइल्डकार्ड चालत नाही, आणि ऑफिस २०१६ पासून फोल्डरला हात लावण्यापूर्वी परवानगी मागितली जाते.

मेलने पाठवलेला मॅक्रो समोरच्याकडे चालतच नाही.

२०२२ पासून मायक्रोसॉफ्टने इंटरनेटवरून आलेल्या फाइलींतील मॅक्रो आपोआप अडवायला सुरुवात केली. फाइल ओळखीच्या माणसाने पाठवली असेल आणि कोड वाचून झाला असेल, तर फाइलच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये 'अनब्लॉक'वर खूण करता येते. हटवण्याच्या आज्ञा असलेला मॅक्रो न वाचता अनब्लॉक करण्याचे कारण मला सुचत नाही.

रोज रात्री आपोआप हटवण्याची सोय करावी का?

विंडोजच्या टास्क शेड्युलरने ती करता येते. तात्पुरत्या फाइलींपुरती करावी. बिले, चलने आणि करार यांच्या बाबतीत यादी पाहणारा माणूस मधे असायलाच हवा. संध्याकाळच्या फास्ट लोकलची वेळ झाली असताना घाईघाईने 'होय' भरणारा माणूसही तिथे उपयोगाचा नाही, म्हणून हे काम सकाळचे ठेवावे.

चुकून हटवलेली फाइल परत मिळवता येते का?

आधी त्या ड्राइव्हवर काहीही नवे लिहिणे थांबवावे, म्हणजे तिथे डाउनलोड करू नये आणि फाइल परत मिळवण्याचे सॉफ्टवेअरही त्याच ड्राइव्हवर बसवू नये. फिरत्या तबकड्यांच्या जुन्या हार्ड डिस्कवर हटवलेल्या फाइलचा मजकूर दुसरे काही त्यावर लिहिले जाईपर्यंत टिकून राहतो. एसएसडीवर मात्र 'ट्रिम' ही सोय मोकळी झालेली जागा लवकरच साफ करते, त्यामुळे तेथे आशा फार कमी असते. फाइल सर्व्हरवरची असेल तर फोल्डरच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये 'प्रीव्हियस व्हर्जन्स' पाहावे. शॅडो कॉपी, म्हणजे जुन्या प्रती आपोआप राखण्याची सोय, चालू असेल तर सकाळची किंवा कालची प्रत तिथे मिळते. नसेल तर बॅकअप सांभाळणाऱ्याला लगेच, दिवस उलटण्याच्या आत सांगावे, कारण अनेक ठिकाणी रात्रीचा बॅकअप आधीच्या प्रतीवरच लिहिला जातो.

कोणत्या फाइली जुन्या झाल्या तरी हटवू नयेत?

कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १२८ नुसार कंपनीने हिशेबाची पुस्तके आणि त्यांची व्हाउचरे किमान ८ आर्थिक वर्षांची ठेवायची असतात. जीएसटी कायद्याच्या कलम ३६ नुसार नोंदी त्या वर्षाचे वार्षिक विवरणपत्र भरण्याच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने ठेवाव्या लागतात, आणि अपील किंवा चौकशी चालू असेल तर मुदत आणखी लांबते. कस्टम ब्रोकरला २०१८ च्या नियमावलीप्रमाणे नोंदी किमान ५ वर्षे जपाव्या लागतात. म्हणून मॅक्रोमधील दिवसांचा आकडा मॅक्रो लिहिणाऱ्याने स्वतः ठरवू नये. तो लेखा विभागाकडून लेखी घ्यावा, कोडमध्ये कॉन्स्ट म्हणून लिहावा आणि तो कोणाच्या सांगण्यावरून व कोणत्या तारखेला ठरला, हे त्याच्या वरच्या ओळीत टीप म्हणून नोंदवावे.